पुसलेले पट्टे, कोरा डायोड: जुन्या मीटरचा प्रोब बनवायला खर्च किती?

जुना व्हीटीव्हीएम, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा व्होल्टमीटर, भंगारात अजूनही सापडतो. त्याचा आरएफ प्रोब, म्हणजे रेडिओ वारंवारतेचा व्होल्टेज मोजायची नळी, मात्र बहुधा गायब असतो. मला एका मित्राचा मूळ प्रोब नमुन्याला मिळाला. नळी उघडली तर आत तीनच वस्तू: रंग उडालेला रेझिस्टर, काचेचा डायोड आणि चपटा तपकिरी कपॅसिटर. एकावरही अक्षर वाचता येईना.

आधी रेझिस्टर. दोन-तीनशे रुपयांचा पिवळा मल्टिमीटर इथे चालत नाही, त्याची धाव २ मेगओहमपर्यंतच. २० मेगओहमची रेंज असलेला हजाराच्या आसपास मिळतो, तो घ्या. मोजताना दोन्ही टोकं बोटांत धरू नका, नाहीतर आपलं अंगही मोजलं जातं. माझ्याकडे आकडा आला ५.३. तेवढ्याचाच नवा आणला असता तर फसलो असतो. जुने कार्बन रेझिस्टर वयानुसार वर सरकतात. मूळ मूल्य गणितानं काढावं लागतं. या मीटरचा इनपुट ११ मेगओहम. प्रोब शिखराचा व्होल्टेज पकडतो, काट्याला आरएमएस दाखवायचा असतो, म्हणजे ०.७०७ पट. ११ अधिक ४.७ म्हणजे १५.७, आणि ११ भागिले १५.७ केले की ०.७० येतात. म्हणजे मूळ रेझिस्टर ४.७ मेगओहमचा. ५.३ वर काटा चारेक टक्के कमी दाखवतो. नव्या रेझिस्टरला रुपया-दोन रुपये पडतात.

डायोडवर थोडा वेळ घालवा. सुटा करण्याआधी त्याची दिशा कागदावर काढून ठेवा. मीटरच्या डायोड रेंजवर ०.२ ते ०.३५ आलं तर जर्मेनियम, ०.६ च्या पुढे सिलिकॉन. पण शॉट्कीही कमीच दाखवतो, आणि ‘१एन३४ए’ या जर्मेनियम डायोडच्या नावानं शॉट्की गळ्यात मारणारे विक्रेते आहेत. भिंगातून पाहा: काचेत केसासारखी वाकडी तार टोकावर टेकलेली दिसली, तर जुना पॉइंट-कॉन्टॅक्ट. तो उलट दिशेनं थोडा गळतो आणि बोटांच्या उबेनं गळती वाढते. बाजारात तीस ते साठ रुपये. बिघडलेल्या ट्रान्झिस्टर रेडिओतला ओए७९ फुकटच. डाग देताना पाय पक्कडीनं धरा, उष्णता तिथेच अडते.

कपॅसिटरचं मूल्य हजारेक रुपयांचा कॉम्पोनंट टेस्टर सांगतो. एकाच प्रोबसाठी तो विकत घेण्यापेक्षा रिपेअरवाल्याकडून मोजून आणा. कपॅसिटर किती व्होल्ट सोसेल, हे मात्र कोणताच स्वस्त टेस्टर सांगत नाही. व्हॉल्व्ह रेडिओत २५०-३०० व्होल्ट डीसी याच कपॅसिटरनं अडवायचे असतात, म्हणून १ किलोव्होल्टचा सिरॅमिक बसवा. पाच-दहा रुपयांत येतो, इथे काटकसर नको.

मीटरभर शील्डेड केबल, प्लग, क्रोकोडाइल क्लिप धरून सामान अडीचशेच्या आत. नळीला जुन्या पेनचं धातूचं टोपण चाललं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. भाव दुकानागणिक बदलतात, तेव्हा डायोड दोन-चार जास्त घ्या.

१एन३४ए ६० व्होल्टच्या आसपासच उलटा दाब सोसतो आणि या जोडणीत त्याच्यावर शिखर ते शिखर व्होल्टेज पडतो. २० व्होल्ट आरएमएसला तो ५६ होतो. म्हणून नळीवर मार्करनं ‘कमाल २० व्होल्ट आरएफ’ लिहा आणि आतल्या तिन्ही वस्तूंच्या तपशिलाची चिठ्ठी मीटरच्या डब्यात टाकून ठेवा.