व्याधाचा न दिसणारा सोबती

थंडीच्या दिवसांत रात्रीची जेवणे आटोपून आपण अंगणात किंवा गच्चीवर आलो, तर एक अतिशय तेजस्वी, निळसर पांढरा तारा लक्ष वेधून घेतो. मृग नक्षत्रात एका ओळीत असलेले तीन तारे, म्हणजेच बाण, हेरावेत व ती रेषा आग्नेयेकडे वाढवावी. ती याच ताऱ्याजवळ पोहोचते. हा व्याध. रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याचे अंतर सुमारे ८.६ प्रकाशवर्षे आहे. म्हणजे आज दहावीतील विद्यार्थ्याला दिसणारा त्याचा प्रकाश, तो विद्यार्थी पहिली-दुसरीत असताना तेथून निघालेला असतो.

नुसत्या डोळ्यांना एकच दिसणारा व्याध ही वस्तुतः दोन ताऱ्यांची जोडी आहे. हे कसे कळले, ते समजून घेण्यासारखे आहे. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांनी अनेक वर्षांच्या नोंदी पडताळल्या. व्याध सरळ न सरकता किंचित नागमोडी सरकतो, असे त्यांना आढळले. कार्य आहे तेथे कारण असलेच पाहिजे. न दिसणारा एखादा वजनदार सोबती व्याधाला ओढत असावा, असा निष्कर्ष त्यांनी १८४४ साली मांडला. १८४६ साली ते वारले. पुढे १८६२ साली अमेरिकेत अल्वन ग्रॅहॅम क्लार्क एका नव्या दुर्बिणीचे भिंग तपासत असताना त्यांना व्याधाशेजारी एक मंद ठिपका दिसला. अनुमान खरे ठरले!

हे दोन्ही तारे परस्परांच्या ओढीने, दोघांच्या सामाईक मध्याभोवती, सुमारे ५० वर्षांत एक फेरी पूर्ण करतात. सोबत्याचे वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे, पण आकार मात्र पृथ्वीएवढा. अशा ताऱ्यास श्वेत बटू म्हणतात. एके काळी हाच जोडीतील मोठा तारा होता. इंधन संपत आले तसा तो फुगला, बाहेरचे थर गमावून बसला आणि आता निवत चालला आहे. श्वेत बटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक असू शकत नाही, हे अविभाजित भारतात जन्मलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणिताने दाखविले. त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तथागतांनी सांगितलेल्या अनित्यतेतून तारेही सुटलेले नाहीत.

आता आपल्याकडे वळू. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या समाजातही लग्न ठरविताना कोणी हळूच पत्रिका काढतो. मुलीला मंगळ आहे म्हणून स्थळ परत जाते. नक्खत्त जातकात अशीच कथा आहे. नक्षत्र अशुभ म्हणून वऱ्हाड नेमल्या दिवशी गेले नाही. मुलीकडच्यांनी तिचे लग्न दुसरीकडे लावून दिले. नक्षत्राने काही केले नाही. नुकसान झाले ते त्यावर विसंबल्यामुळे.

बेसेल यांनीही तारेच पाहिले आणि पत्रिका पाहणाराही ताऱ्यांचेच नाव घेतो. फरक एवढाच की, बेसेल यांचे म्हणणे कोणालाही पडताळून पाहता आले. एहिपस्सिको, म्हणजे या आणि स्वतः पाहा, हा धम्माचा गुण आहे. तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, येत्या थंडीत घरातील वडीलधाऱ्यांना गच्चीवर न्या, व्याध दाखवा आणि त्याच्या सोबत्याची ही हकिकत सांगा. आकाश भिण्यासाठी नाही, पाहण्यासाठी आहे, हे त्यांना आपोआप पटेल.