अगं, फॉल्ट आला म्हणून मशीन पाडायचं नसतं

प्रोटेक्टेड व्हीएमच्या टीममध्ये तुला घेतलंय ना, मग एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कॉलेजात आपण शिकतो की कर्नलच्या वर कुणी नाही. पीकेव्हीएममध्ये, म्हणजे प्रोटेक्टेड केव्हीएममध्ये, तसं नसतं गं. आर्म प्रोसेसरच्या ईएल-२ पातळीवर एक छोटा हायपरवायझर बसतो आणि होस्टचं लिनक्स कर्नल त्याच्या खाली, ईएल-१ वर. मेमरी वाटायचं काम होस्टचंच, पण पेज एकदा गेस्टला, म्हणजे व्हीएमला, दिलं की होस्टला त्यात डोकावता येत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी पाणी सोडतो, लिफ्ट बघतो, पण तुझ्या फ्लॅटची किल्ली त्याच्याकडे नसते, तसं.

तरीही होस्टने त्या पेजला हात लावला की स्टेज-२ फॉल्ट होतो आणि तो थेट हायपरवायझरकडे जातो. नवी मुलं इथेच गडबडतात. अगं, होस्टचं स्वतःचं मॅपिंगसुद्धा लागेल तसंच भरलं जातं. पेज होस्टचं असेल तर हायपरवायझर गुपचूप मॅप करून देतो आणि काम पुढे चालतं. म्हणून लॉग उघडलास की आधी बघ, पेज कुणाचं? मग बघ, हात कुणी लावला, यूजरस्पेसने की कर्नलने?

यूजरस्पेसने लावला असेल तर निस्तरणं सोपं. व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामकडे त्या मेमरीचं एमॅप शिल्लक असतं, त्यातून तो चुकून वाचायला जातो. त्या प्रोसेसला सेगफॉल्ट द्यायचा, संपलं. मुख्य लिनक्सच्या कोडमध्ये मात्र बराच काळ इथे बग-ऑन होतं, म्हणजे हायपरवायझरच पॅनिक आणि अख्खं मशीन आडवं. एका प्रोग्रामपायी सगळ्यांना बुडवणं मला पटत नाही. हायपरवायझरने तो फॉल्ट अॅबॉर्ट म्हणून होस्टकडे परत पाठवावा आणि होस्टने त्या प्रोसेसपुरतं बघून घ्यावं, हेच बरोबर.

अवघड आहे ते कर्नलचं. समज, दुसऱ्या प्रोसेसची मेमरी वाचणारा सिस्टिम कॉल कुणी या व्हीएमच्या प्रोग्रामवर चालवला. कर्नल ते पेज पिन करतं आणि स्वतःच्या लिनियर मॅपमधून वाचायला जातं. एक्सेप्शन टेबलमध्ये त्या जागेची सोय असेल तर सुटलो. नसेल तर मशीन मरू द्यायचं की पेज जबरदस्तीने परत घ्यायचं? मी परत घेण्याच्या बाजूची आहे. पण आधी हायपरवायझरने ते पुसून शून्य केलं पाहिजे, मगच होस्टच्या हाती. गेस्टचा जीव जातो, हे खरं. पण आपण गेस्टला गुपित राखण्याचं वचन दिलंय, जगवण्याचं नाही. होस्ट तसाही त्याला कधीही बंद करू शकतो. पेज न पुसता परत देणारा पॅच कुणी कितीही घाईने आणला तरी त्याला होकार देऊ नकोस, बाळा. समोर मॅनेजर असला तरी नाही.

हे सगळं फोनपुरतं वाटेल, कारण अँड्रॉइड १३ बरोबर २०२२ मध्ये पीकेव्हीएम फोनमध्ये आलं. पण ऐरोली, रबाळे, महापे ते पनवेल किती डेटा सेंटरं उभी राहिलीत बघ. पनवेलचं योट्टाचं एनएम-१ तर २०२० मध्येच सुरू झालं. दुसऱ्याच्या छताखाली आपली माहिती ठेवायची म्हटल्यावर हाच प्रश्न तिथेही येतो. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपीमध्ये होस्टने गेस्टच्या पेजवर लिहायचा प्रयत्न केला की फॉल्ट येतो आणि वाचलं तर नुसता एन्क्रिप्ट केलेला मजकूर हाती लागतो. आर्मवर शिकलेलं तुला तिथेही उपयोगी पडेल.

फॉल्ट मुळातच कसा टाळायचा ते कळायला गेस्ट-मेमएफडी नीट वाच. लिनक्स ६.८ मध्ये, २०२४ साली ते आलं. गेस्टची खाजगी मेमरी होस्टच्या यूजरस्पेसमध्ये मॅपच करायची नाही, असा त्यामागचा विचार. फॉल्ट आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो येण्याची वाटच बंद केलेली बरी.

आणि पहिल्या आठवड्यात कुणी काम सांगायची वाट न बघता एक टेस्ट लिही. गेस्टला दिलेल्या पेजवर मुद्दाम तो दुसऱ्याची मेमरी वाचणारा कॉल चालव. मशीन टिकलं का, वाचणाऱ्याच्या बफरमध्ये गेस्टचा एकही बाइट आला नाही ना, आणि पेज परत घेतलं असेल तर त्यात फक्त शून्यं आहेत का, एवढं तपास. अडलीस तर रात्री फोन कर, मी जागीच असते.