जुन्या ट्रॅक्टरचे ढिले स्टिअरिंग

स्टिअरिंग ढिले असलेला जुना ट्रॅक्टर भाताची पोती भरून कसारा घाटातून नेणे धोक्याचे होय. त्याची दुरुस्ती पुढील क्रमाने करावी.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून मागील चाकांना दगड लावावेत. पुढील आस जॅकने उचलून त्याखाली भक्कम ठोकळे द्यावेत. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने प्रत्येक सांधा पाहावा. झिजलेले बॉल जॉइंट, किंगपिनचे बुश व चाकांचे बेअरिंग बदलावेत. जॉइंट वेल्डिंग करून वापरू नये. ड्रॉप आर्मचा नट आवळावा.

एवढ्यानेही ढिलेपणा न गेल्यासच चाके सरळ ठेवून स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू थोडा आवळावा. बॉक्सचे दाते मध्यभागी अधिक झिजतात. म्हणून नंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहावे. अडकल्यास स्क्रू सैल करून झिजलेले भाग बदलावेत.