बहरीनमध्ये दहा किलोमीटर पळायला किती दिनार लागतात?

बहरीनमध्ये पळण्याचा खर्च बुटांच्या ब्रँडपेक्षा कॅलेंडरवर जास्त ठरतो. ऑक्टोबरात सराव सुरू करून जानेवारीत दहा किलोमीटरची शर्यत पळणाऱ्याला रस्ता फुकट आणि हवाही फुकट. तीच सुरसुरी जूनमध्ये आली, तर थंड हवा महिन्याच्या हिशेबाने विकत घ्यावी लागते.

जानेवारीत इथे दुपारी तापमान २० अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे १४ च्या. ऑगस्टमध्ये दुपारी ३८-३९, आणि रात्रीही ते ३० च्या खाली क्वचितच उतरतं. भोवतीचा समुद्र तापलेला असतो, दमटपणामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. आणि घाम वाळला नाही की अंग निवत नाही. उन्हाळ्यात दुपारी १२ ते ४ उघड्यावर काम करून घ्यायला इथल्या सरकारची बंदी असते. पगारी माणसालाही ज्या ऋतूत उन्हात उभं करत नाहीत, त्या ऋतूत हौसेने रस्त्यावर पळण्याचा आग्रह कशाला? मग उरतं जिम. साध्या जिमला महिन्याला १५ ते २५ दिनार धरा, मोठ्या साखळीतल्या जिमला त्याच्या दुप्पट. वीस दिनारांनी जून ते सप्टेंबर ८० दिनार होतात, म्हणजे चांगल्या बुटांपेक्षा जास्त. नवशिक्याने हे पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. उन्हाळ्यात मॉलमध्ये भराभर चाला. अनेकजण चालतात, कुणी हसत नाही.

आता बूट, कारण पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा आकडा त्यांचाच. दिनार डॉलरला बांधलेला आहे: ०.३७६ दिनार म्हणजे एक डॉलर. त्यामुळे परदेशी बुटाची किंमत मनातल्या मनात ताडता येते. अमेरिकेत १४० डॉलरला असलेला रोजच्या सरावाचा बूट इथे सुमारे ५३ दिनार, त्यावर १० टक्के व्हॅट धरून ५८ च्या घरात जातो. दुकानातली चिठ्ठी यापेक्षा फार वर असेल, तर सेलची वाट पाहा. बाहेरच्या देशातून ऑनलाइन मागवताना कुरिअरचे पैसे, ५ टक्के जकात आणि वर व्हॅट मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवा. कार्बन प्लेटचा २५० डॉलरचा बूट ९४ दिनारांच्या पुढे जातो. तासाभरात दहा किलोमीटर संपवू पाहणाऱ्याला त्याची गरज नाही, कितीही चकचकीत दिसला तरी.

सुट्टीत गावी गेल्यावर बूट घ्यायचे, हा आपल्याकडचा जुना बेत. डॉलर ९० रुपये धरला तर दिनार जवळपास २४० रुपयांना पडतो. म्हणजे बारा हजारांचा जोड ५० दिनारांचा झाला. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. सेलमध्ये तोच जोड आठ हजारांत मिळाला तर मात्र जरूर घ्या. नंबराकडे नीट लक्ष ठेवा. भारतात बहुतेक बुटांवर ब्रिटिश नंबर सांगतात, इथे युरोपियन किंवा अमेरिकन. आपला आठ नंबर इथे अमेरिकन नऊ आणि युरोपियन साडेबेचाळीसच्या आसपास होतो, आणि कंपनीगणिक थोडा हलतो. बूट संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, पळताना घालायचे तेच मोजे घालून पाहावेत. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर काळ्या पडलेल्या नखाचा खर्च वेगळा.

चांगला बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो. ५८ दिनारांना ६०० ने भागलं तर किलोमीटरला ९७ फिल्स. दहा आठवड्यांच्या सरावात अडीचशे किलोमीटर झाले, तर बुटाचे खरे चोवीसएक दिनारच झिजले. उरलेला बूट पुढच्या हंगामाला येतो. ज्यांना ५८ दिनार जड आहेत, त्यांनी १५-२० दिनारांचा खास पळण्यासाठीचा साधा बूट खुशाल घ्यावा. तो लवकर बसेल, पण दहा किलोमीटर नक्की नेईल. कॅनव्हासचे किंवा क्रिकेटचे बूट मात्र नकोत.

कपड्यांवर फार बोलायला नको. दोन पातळ टी-शर्ट, एक हाफ पँट, सुती नसलेले मोज्यांचे दोन जोड, सगळं मिळून १०-१२ दिनार. घड्याळ नको, मोबाइलमधलं फुकटचं अॅप पुरतं. चमकणारं जाकीट मात्र घ्याच. तीन-चार दिनारांची ती वस्तू अंधारात जीव वाचवते, कारण इथे सराव पहाटे किंवा रात्रीच होतो. आणखी एक सवय मोडावी लागते. भारतात गाड्या डावीकडून जातात, म्हणून फुटपाथ नसला की समोरची गाडी दिसावी यासाठी आपण उजव्या कडेने चालतो. बहरीनमध्ये गाड्या उजवीकडून धावतात, त्यामुळे डाव्या कडेने पळायचं. अंगवळणी पडेपर्यंत हे रोज स्वतःला बजावावं लागतं.

जागेला पैसे पडत नाहीत. मुहर्रकला अराद खाडीच्या भोवतीचा पायरस्ता सपाट, उजेडाचा आणि गाड्यांपासून दूर आहे. बहरीन बेच्या काठावरही सकाळ-संध्याकाळ पळणारे दिसतात. मुहर्रकच्या जुन्या गल्ल्यांतून जाणारा मोती मार्ग साडेतीन किलोमीटरचा. २०१२ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे आणि सावकाश पळायला झकास. वेग लावायची जागा ती नव्हे. सखीरचं फॉर्म्युला वन सर्किट काही संध्याकाळी पळणाऱ्या-सायकलवाल्यांसाठी उघडतात. तारखा आणि प्रवेशाच्या अटी आधी पाहाव्यात. एक फेरी ५.४१२ किलोमीटरची, म्हणजे दोन फेऱ्यांत दहाला थोडं जास्तच होतं. शर्यतीच्या पंधरवडाभर आधीची रंगीत तालीम म्हणून हे उत्तम. मनामापासून लांब असल्याने चौघांनी मिळून एका गाडीने जावं.

सरावाला पैसे लागत नाहीत, शिस्त लागते. आठवड्यातून तीन-चार दिवस, त्यातले दोन बोलता बोलता पळता येईल इतक्या सावकाश, एक दिवस थोडं वेगात. शुक्रवारी सकाळी लांबचं, पाचपासून वाढवत बारा किलोमीटरपर्यंत. इतक्या अंतराला जेलची पाकिटं लागत नाहीत. निघण्यापूर्वी दोन खजूर, परतल्यावर मीठ-साखरेचं लिंबू सरबत, झालं. चाळिशी ओलांडली असेल किंवा घरात मधुमेह, हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाब, साखर, ईसीजी कंपनीच्या विम्यात बसतं का ते एचआरला विचारा. मनामातल्या दवाखान्यांत तपासण्यांची पॅकेजंही वरचेवर निघतात. छातीत कळ आली, चक्कर आली तर तिथेच थांबायचं, यात वाटाघाटी नाहीत.

शर्यतीची तारीख ठरवताना रमजान पाहा. तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या नेमका हिवाळ्याच्या शेवटाला, शर्यतींच्या हंगामात येतो. त्या महिन्यात दिवसा चारचौघांत पाणीही पिता येत नाही, मग सराव इफ्तारनंतर रात्री. बहरीन रोड रनर्ससारख्या क्लबच्या शर्यती साध्यासुध्या असतात आणि नवशिक्याला त्याच बऱ्या. चिप, पदक, टी-शर्ट आणि प्रायोजकांच्या कमानी आल्या की प्रवेशशुल्क चढतं. मी अंदाजपत्रकात एक छोटी आणि एक मोठी शर्यत मिळून २० दिनार धरायला सांगतो. लवकर नाव नोंदवलं तर अनेकदा त्यातलेही काही वाचतात.

बेरीज करू. बूट ५८, कपडे १२, जाकीट ४, शर्यती २०: एकूण ९४ दिनार, वरच्या दराने साडेबावीस हजार रुपये. साध्या बुटात भागवलं तर ५५ च्या आसपास. दुसऱ्या वर्षी बूट शिल्लक असतील तर नुसती शर्यतींची फी.

गावाकडे पळायचं असेल तर हिशेब बदलतो. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि तिच्यात दहा किलोमीटरही आहे. सराव बहरीनच्या चांगल्या हवेत होतो. पण इथला आठवडा शुक्रवार-शनिवारी सुटतो, रविवार कामाचा. त्यामुळे विमानाच्या तिकिटाखेरीज दोन दिवसांची रजा धरा. नोंदणी कित्येक महिने आधी भरते, उन्हाळ्यातच तिकडे लक्ष ठेवा. २०१२ पासून साताऱ्यात होणारी हिल हाफ मॅरेथॉन खुणावत असेल, तर ती सप्टेंबरच्या सुमारास आणि यवतेश्वरच्या घाटात. बहरीनचं सगळ्यात उंच ठिकाण, जबल दुखान, दीडशे मीटरही नाही. म्हणजे चढाचा सराव उड्डाणपुलांवर किंवा ट्रेडमिलवर, तोही ऐन उन्हाळ्यात. तेव्हा वरच्या बेरजेत जिमचे तीन महिने, म्हणजे ६० दिनार मिळवा आणि ट्रेडमिलचा चढ चार-पाच टक्क्यांवर ठेवून जूनपासूनच लागा.