रानटी स्ट्रॉबेरीचें देणें

महाबळेश्वरास गेलेल्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं तेथील स्ट्रॉबेरी चाखली असेल. तें टपोरें फळ मुळांत कोणत्याही रानांतलें नव्हे. दोन रानटी जातींच्या संकरापासून तें अठराव्या शतकांत युरोपांत उत्पन्न झालें.

पहिली जात उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागांतली. फळ लहान, पण सुवासिक. दुसरी चिली देशांतली, फळ मोठें. फ्रेझिए नांवाचा फ्रेंच लष्करी इंजिनियर स्पेनच्या किल्ल्यांची टेहळणी करण्यास चिलीला गेला होता. (हेराच्या हातून बागायतीची सेवा घडावी, ही मौजच!) १७१४ सालीं तो परतला, तेव्हां जहाजावर गोड्या पाण्याची टंचाई असतांही त्यानें पांच रोपें जगवून आणलीं.

तीं फुलत, फळत मात्र नसत. चिलीच्या जातींत नर व मादी फुलें बहुधा निरनिराळ्या रोपांवर येतात. फ्रेझिएनें फळें पाहून रोपें निवडलीं असावींत. अर्थात् सर्व मादीच आलीं! पुढें ब्रिटनी प्रांतांतील बागवानांनीं त्यांच्याशेजारीं उत्तर अमेरिकेची जात लावली, तेव्हां पराग मिळून मोठालीं फळें धरूं लागलीं. या संकराचें कुळ ड्युशेन यानें १७६६ सालीं ग्रंथांत मांडलें. तेव्हां त्याची विशीही उलटली नव्हती, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें. हा संकर सुलभ होण्याचें कारण आज कळतें. दोन्ही जातींच्या पेशींत ५६ रंगसूत्रें असतात; युरोपच्या रानांतील लहान स्ट्रॉबेरींत तीं अवघीं १४.

रानाचें देणें तेथेंच सरलें नाहीं. नेहमींच्या स्ट्रॉबेरीस दिवस लहान झाले म्हणजे कळ्या धरतात. अमेरिकेंतील यूटा प्रांताच्या डोंगरांत दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारी एक रानटी जात आढळली. फळ अगदीं क्षुद्र; परंतु कॅलिफोर्नियांतील ब्रिंगहर्स्ट या संशोधकानें तिचा बागेंतील स्ट्रॉबेरीशीं संकर केला, व संततीचा मोठ्या फळांच्या जातींशीं पुनःपुन्हां संकर करून तो गुण कायम राखला. अशा रोपांस उन्हाळ्यांतील लांब दिवसांतही बहर येतो.

आमच्या घाटांतील करवंदाकडे पाहावें. एकाच टेकडीवर एक जाळी आंबट, तर दुसरी साखरेसारखी. एकीचें फळ मोठें, एकीस बिया थोड्या. गुराखी हें सारें जाणतो, पण तें कोणी टिपून ठेवीत नाहीं, आणि वणव्यांत उत्तम जाळीही इतरांबरोबर जळून जाते. वैशाखांत गांवीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं अशी जाळी आढळल्यास तिची जागा, फळाचा आकार व बियांची संख्या वहींत लिहून आणावी.