सावलीतील परसबाग : डब्यांत व कुंड्यांत भाजीपाला

शालेय परसबागांविषयी केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचना २०१९ साली निघाल्या. मोकळी जमीन नसल्यास कुंड्या, माठ, पोती, खोकी यांत भाजी लावावी, असे त्यांत सुचविले आहे. तरीही आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक शाळांकडून एकच उत्तर मिळते : "आमच्या परसात निंबाची दाट सावली आहे, तेथे काही येत नाही." हे उत्तर अर्धेच खरे आहे. सावलीत वांगी येत नाहीत, मेथी येते. कोणत्या सावलीत काय येते, हे ठरविण्यापूर्वी सावली मोजली पाहिजे, आणि ते काम वर्गातील मुलेच उत्तम करू शकतात.

यासाठी एक दिवस पुरतो. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत दर तासाला सावलीच्या कडेवर मुलांनी चुन्याची रेघ ओढावी आणि रेघेशेजारी वेळ लिहावी. सायंकाळी कोणत्या जागी किती तास ऊन पडले ते मोजून कागदावर परसाचा नकाशा काढावा. शाळा भरण्यापूर्वीचे ऊन एखाद्या जवळ राहणाऱ्या मुलाने पाहून ठेवावे. हा प्रयोग जूनमध्ये, दिवाळीनंतर व जानेवारीत असा तीनदा करावा, कारण सावली वर्षभर सारखी राहत नाही.

भूगोलाचा पाठ येथेच घेता येतो. जळगाव व धुळे ही दोन्ही शहरे सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहेत. २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. म्हणजे दहा फूट उंचीच्या भिंतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ दहा फूट पडते. मे महिन्याच्या अखेरीस व पुन्हा जुलैच्या मध्यानंतर लवकरच सूर्य मध्यान्ही नेमका डोक्यावर येतो. यास्तव इमारतीच्या उत्तरेचे जे परस हिवाळ्यात काळोखे दिसते, तेच पावसाळ्याच्या आरंभी, आभाळ मोकळे असेल तेव्हा, चांगले उजळते. जमिनीत लावलेले रोप उन्हामागे जाऊ शकत नाही. डबा हलविता येतो, आणि झाडाच्या मुळांशी त्यातील भाजीला अन्नपाण्यासाठी झगडावे लागत नाही.

आता निवड. जेथे सहा तासांहून अधिक ऊन पडते, तेथेच वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी यांचा विचार करावा. जळगावच्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून ते शाळेतही हवे, असा हट्ट सावलीत धरू नये. त्या भरितात पडणारी कांद्याची पात व कोथिंबीर मात्र तीन-चार तासांच्या उन्हात येते. मेथी, पालक, शेपू यांनाही तेवढे पुरते. दोन तासांच्या आसपास ऊन असेल, तर पुदिना, अळू, आले व हळद लावावी. त्याहूनही कमी उजेडात बियाणे वाया घालवू नये. शेजारच्या भिंतीस चुना दिल्यास परावर्तित उजेडाचा थोडा लाभ होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये जेव्हा उघड्यावरची कोथिंबीर फुलोऱ्यावर येऊ लागते, तेव्हा आपल्याकडे सावलीतील डबाच काही दिवस अधिक टिकतो.

भांडी गावातच मिळतात : फुटके माठ, जुनी घमेली, सिमेंटची झटकून धुतलेली पोती, तेलाचे पत्र्याचे डबे. पालेभाजीस सहा इंच खोली पुरे. आले-हळदीस दहा-बारा इंच हवी. कापलेल्या पत्र्याच्या कडा आत दुमडून ठोकून घ्याव्यात. १५ किलो तेलाचा डबा ओल्या मातीने भरला की २० किलोंहून जड होतो, तो मुलांना उचलू देऊ नये.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. कापसाच्या गावी कीटकनाशकांचे रिकामे डबे बांधावर पडलेले असतात आणि मुले ते हौसेने घेऊन येतात. ते कितीही धुतले तरी वापरू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले, ही घटना मोठ्या मुलांना सांगावी. कोणता डबा का नाकारला, हे त्यांना कळले पाहिजे.

आपली काळी माती एकटी भरल्यास कुंडीत दगडासारखी घट्ट होते व वाळल्यावर कडेने सुटते. मग घातलेले पाणी फटीतून थेट खाली जाते. काळी माती, वाळू किंवा विटांचा चुरा, आणि पूर्ण कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. तळाशी चार-पाच छिद्रे पाडून प्रत्येकावर खापरीचा तुकडा ठेवावा. खड्यांचा जाड थर घालण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्याने निचरा वाढत नाही, मातीची जागा मात्र जाते.

सावलीतील रोपे उन्हाने मरत नाहीत, पाण्याने मरतात. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. तांदूळ धुतलेले पाणी चालते, साबणाचे पालेभाजीस नको. डब्याखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचा डास अशाच जागी अंडी घालतो. मावा दिसल्यास ५० ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी.

मेथी महिन्याभरात काढणीस येते, पालक त्यानंतर थोड्याच दिवसांत. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन फाके करावेत. अळू खाजते, म्हणून ते चिंच घालून नीट शिजविल्यावाचून वाढू नये.

किती भाजी मिळेल? पोषण आहाराच्या प्रमाणानुसार प्राथमिकच्या मुलास रोज ५० ग्रॅम भाजी हवी. चाळीस मुलांस दोन किलो. एका डब्यातून एका वेळी मूठ-दोन मुठी मेथी निघते. मुलांनी ती तोलावी व किती डबे लागतील याचे गणित मांडावे. उत्तर मोठे येईल, ते लपवू नये. दहा डब्यांनी रोजची भाजी भागत नाही. खिचडीवर ताजी कोथिंबीर व आठवड्यातून एखादे वेळी वरणात पालक पडतो, आणि स्वतः लावलेला पाला मुले ताटात टाकून देत नाहीत. अर्थात काढलेली भाजी त्याच दिवशी शाळेच्याच पातेल्यात गेली पाहिजे, अन्य कोणाच्या पिशवीत नव्हे. भाज्यांची घरात बोलली जाणारी अहिराणी वा लेवा नावे मुलांकडून वहीत लिहून घ्यावीत; पुस्तकातील नाव त्याशेजारी यावे.

शाळा उघडताच जूनमध्ये हळद लावली, तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत पाने पिवळी पडून कंद काढता येतात. दिवाळीच्या सुटीत पाण्याची पाळी गावातील मुलांत वाटून द्यावी. उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी मात्र डबे रिकामे करावेत, माती उन्हात पसरून तापवावी आणि डबे ओसरीत पालथे घालून ठेवावेत. पुदिन्याची एक कुंडी तेवढी कोणाच्या तरी घरी, पाण्याच्या माठाजवळ नेऊन ठेवावी.