जंतुनाशक साबण : गरज किती?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या दमट हवेत घामोळे, खाज, गजकर्ण या तक्रारी नेहमीच्याच. मग ‘जंतुनाशक’ साबण आणून दिवसातून तीनदा अंगाला चोळला जातो. त्याने गजकर्ण बरे होत नाही. ती बुरशी आहे, तिला औषधच लागते. उलट त्वचा मात्र कोरडी पडते.

अशा साबणांत ट्रायक्लोसान, ट्रायक्लोकार्बन ही रसायने घालण्याची पद्धत पडली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६ मध्ये घरगुती जंतुनाशक साबणांत या दोहोंसह १९ द्रव्यांना मनाई केली. रोजच्या दीर्घ वापरात ती निर्धोक आहेत आणि साध्या साबण-पाण्यापेक्षा सरस आहेत, हे उत्पादकांना दाखवता आले नाही. साधा साबणही मळाबरोबर जंतू धुऊन काढतोच.

म्हणून साबण घेताना वेष्टन वाचावे. ही नावे असल्यास दुसरा साबण घ्यावा. ‘टीएफएम’ म्हणजे साबणातील स्निग्धाम्लांचे प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या साबणात ते किमान ७६ टक्के लागते. ‘बेदिंग बार’मध्ये ४० टक्केही चालते.

साबण बदलूनही आठवडाभरात खाज थांबली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानदाराच्या सल्ल्याने मलम लावू नये.